बाळंतपणाचा बेत आणि घरातला फोन



लेकीला किंवा सुनेला दिवस गेले, की घरातली वडीलधारी बाई कोणी न सांगता तयारीला लागते. जुनी मऊ लुगडी धुऊन, फाडून, घड्या घालून ठेवायची. डिंक, खारीक, हळीव बाजारातून आणून डब्यात भरायचे. शेकासाठी गोवऱ्या कोरड्या जागी रचायच्या. बाजेचे सुंभ सैल झाले असेल तर आवळून घ्यायचे. सातव्या महिन्यात ओटी भरायची, आणि पहिलटकरीण असली तर माहेरच्या माणसाने येऊन तिला घेऊन जायचे. हा सगळा एक आखीव बेत आहे. तो कोणी वहीत लिहून ठेवला नाही, पण आपल्या आया-आज्यांना तोंडपाठ आहे.

आता या बेताकडे जरा निरखून पहा. त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बाळंतपण सुखरूप पार पडल्यानंतर लागणारी आहे. लाडू बाळंतिणीला, लंगोट बाळाला, शेक दोघांना. पण मूल अडले तर कुठे जायचे, रात्री दोन वाजता गाडी कोणाची, पैसे कोणाजवळ, रक्त कोण देणार, याला त्या बेतात जागा नाही. आपले लोक विसरभोळे आहेत म्हणून नाही. वाईट तोंडातून काढू नये, ही आपली समजूत आहे म्हणून. समजुतीमागे माया आहे हे खरे. पण वेळ आली म्हणजे त्या मायेने दारात गाडी उभी राहत नाही.

आज मला बोलायचे आहे ते हा राहून गेलेला भाग फोनच्या मदतीने कसा भरून काढता येईल याविषयी. ॲप म्हणजे काय, हे आता खेड्यातही समजावून सांगावे लागत नाही. हवामान, बाजारभाव, सातबारा, सगळे फोनमध्ये आले आहे. आमच्या महाविद्यालयातल्या संगणकाच्या तीन-चार विद्यार्थ्यांनी गरोदर बायांसाठी असेच एक ॲप करायचे मनावर घेतले. मी मराठीचा मास्तर. भाषा तपासून द्यावी म्हणून त्यांनी मला मध्ये ओढले. भाषा तपासता तपासता असे ध्यानात आले, की चूक शब्दांत कमी आणि प्रश्नांत जास्त आहे.

पोरांनी परदेशातली ॲपे पाहून पहिला नमुना बनवला होता. त्यात विचारले होते : प्रसूतीच्या वेळी खोलीत कोणते संगीत हवे? दिवे मंद हवेत का? बाळाची नाळ कोणी कापावी? उमरीजवळच्या एका गावातल्या आशाताईंना आम्ही तो नमुना दाखवला. त्या बराच वेळ बोटाने पडदा सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘सर, हे समदं छान हाय बघा. पण ह्यात गाडीचं कुठंच नाही.’’

त्या परदेशी प्रश्नांना हसावे असे मात्र मला वाटत नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास पेनी सिम्किन या बाळंतपणाच्या शिक्षिकेने आपल्या सहकारी बाईंबरोबर ‘बाळंतपणाचा लेखी बेत’ ही कल्पना मांडली. तिथे बायका दवाखान्यात पोहोचत होत्या, पण तिथे गेल्यावर त्यांना कोणी काही विचारत नव्हते. म्हणून बाईच्या इच्छा आधीच कागदावर लिहून ठेवायच्या, अशी ती कल्पना. आपल्याकडेही ती अगदीच परकी नाही. सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या माणसांतली एक अनुभवी स्त्री थांबू शकते, असे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ठरवून दिले. किती घरांना हे ठाऊक आहे? आई किंवा जाऊ बाहेर बाकावर बसून राहते आणि आत पोर एकटी घाबरते. तेव्हा ‘तुमच्याजवळ कोण थांबावे?’ हा प्रश्न आमच्या नमुन्यात राहिला. संगीताचा गेला.

मग कोणते प्रश्न हवेत? यासाठी बाळंतपणात जीव कसा जातो हे थोडे समजून घ्यावे लागेल. ऐकायला कठीण आहे, पण ऐका.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे पंधराजणींना जिवावर बेतू शकेल अशी काहीतरी अडचण येते. ती कोणाला येईल हे आधी नक्की सांगता येत नाही. तपासणीत सगळे ठीक निघालेल्या बाईलाही ती येऊ शकते. आणि अडचण आली की हातात वेळ किती असतो? उपचार मिळालाच नाही, तर मूल अडलेल्या बाईला सरासरी तीन दिवस, झटके आलेल्या बाईला दोन दिवस, बाळंतपणाआधी रक्त जाऊ लागले तर बारा तास; आणि बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर अवघे दोन तास. हे दोन तास आपल्या तालुक्याच्या नकाशावर ठेवून पहा. उमरी मुदखेड-निझामाबाद रेल्वेमार्गावर आहे, दक्षिणेला गोदावरी आहे, आणि मोठे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे ते नांदेडला, विष्णुपुरीत. उमरी गावातून निघाले तरी चाळीस-पन्नास किलोमीटरची वाट. आतल्या खेड्यातून किंवा तांड्यावरून निघायचे असेल, तर आधी सडकेपर्यंत येण्याची वाट वेगळीच.

सेरीन थॅडिअस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायांनी १९९४ साली एक लेख लिहिला. माता कशामुळे दगावतात, याचे उत्तर त्यांनी तीन दिरंगायांत मांडले. पहिली दिरंगाई घरातली : नेऊ या की थांबू या, हे ठरवण्यात जाणारा वेळ. दुसरी वाटेतली : वाहन, रस्ता, अंतर. तिसरी दवाखान्यातली : डॉक्टर, रक्त, औषध मिळण्यात जाणारा वेळ. पुढे जगभर बाळंतपणाच्या पूर्वतयारीचा जो विचार झाला तो बहुतेक याच मांडणीवर उभा आहे. फोनमधल्या ॲपचा तिसऱ्या दिरंगाईवर फारसा जोर चालत नाही, हे कबूल केले पाहिजे. दवाखान्यात भूलतज्ज्ञ नसेल, तर खेड्यातला फोन काय करणार? पण पहिल्या दोन दिरंगाया आपल्या घरातल्या आणि आपल्या रस्त्यावरच्या आहेत.

कोणी म्हणेल, आता घरी कोण बाळंत होते? बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. माता-मृत्यूही पुष्कळ खाली आले. २०१८-२० च्या नोंदीप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, तर महाराष्ट्रात ३३. ही कमाई मोठी आहे. पण दवाखान्यात पोहोचणे आणि वेळेवर, योग्य त्या दवाखान्यात पोहोचणे या दोन गोष्टी आहेत. एका ठिकाणी गेले, तिथून दुसरीकडे पाठवले, दुसरीकडून नांदेडला. ही फेरी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना मी वेगळे काय सांगणार?

म्हणून पहिला प्रश्न असा झाला : ‘तुमचे बाळंतपण कुठे व्हावे असे डॉक्टरांनी सांगितले?’ हा डॉक्टरांना विचारायला उत्तम दिवस म्हणजे दर महिन्याची नऊ तारीख. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. आधीचे मूल पोट चिरून झाले असेल, रक्तदाब वाढलेला असेल, जुळे असेल, अंगात रक्त फार कमी असेल, तर जवळच्या उपकेंद्रावर जाऊन भागणार नाही. हे नवव्या महिन्यात कळण्यापेक्षा सहाव्यात कळलेले बरे.

गाडीचा प्रश्न दुसरा. १०२ क्रमांकाची गाडी गरोदर बाईसाठी, आणि १०८ ची संकटकाळासाठी. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात १ जून २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. तरी आमच्या ॲपने एवढ्यावर समाधान मानू नये, असे ठरले. गाडी दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेली असू शकते. म्हणून गावातल्या दोन जीपवाल्यांचे किंवा ऑटोवाल्यांचे क्रमांक त्यात घालायचे, आणि घालण्याआधी त्यांना विचारायचे. नुसता क्रमांक लिहून ठेवला, आणि वेळेला तो माणूस वरातीचे भाडे घेऊन देगलूरला गेलेला असला, तर काय उपयोग? ‘रात्री येशील का, किती घेशील?’ एवढे आधी बोलून ठेवले पाहिजे.

पैशाचा प्रश्न मी थोडक्यात सांगतो. जननी सुरक्षा योजनेचे पैसे असोत की मातृवंदना योजनेचे, ते बँकेच्या खात्यात मागाहून जमा होतात आणि कळा आधी येतात. आधारकार्ड आणि पासबुक माता-बाल पुस्तिकेतच ठेवावे. त्याखेरीज थोडी रोकड घरात बाजूला असावी, आणि ती कुठल्या डब्यात आहे हे दोघांना तरी माहीत असावे. रक्ताचेही तसेच. बाईचा रक्तगट पुस्तिकेत लिहिलेला असतो. रक्त द्यायला तयार असलेल्या दोन माणसांची नावे त्यापुढे लिहिली म्हणजे झाले.

पण खरा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. तो पुन्हा आशाताईंनीच दिला. त्या म्हणाल्या, ‘‘सर, गाडी दारात उभी ऱ्हाती, अन् घरचे फोन लावत बसतेत. मालक हैदराबादला कामावर. त्यो फोन उचलंना. सासू म्हणती, त्याला इचारल्याबिगर कसं न्यावं? सासरा म्हणतो, जरा थांबा, मोकळी होईल. अर्धा-अर्धा घंटा जातो बघा ह्याच्यात.’’

ऐकून पोरे गप्प झाली. पुस्तकातली पहिली दिरंगाई ती हीच. आपल्या भागातले पुरुष कामासाठी हैदराबादला, पुण्याला जातात; मुखेड, कंधार, लोह्याकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात. घरी उरतात म्हातारी माणसे, आणि निर्णयाचा अधिकार मात्र फोनच्या दुसऱ्या टोकाला. यावर पोरांनी जे केले ते मला फार पटले. त्यांनी ॲपमध्ये एक प्रश्न घातला : ‘घरधनी घरी नसताना “चला” कोण म्हणेल?’ आणि त्याखाली आवाज भरून ठेवायची सोय केली. नवरा सुट्टीवर आला असताना त्याने आपल्या आवाजात सांगायचे, ‘मी असो वा नसो, आईने किंवा वहिनीने निर्णय घ्यावा, माझ्यासाठी थांबू नये.’ रात्री दोन वाजता हा आवाज वाजवून दाखवला, की सासूबाईंच्या डोक्यावरचा भार उतरतो. त्या दुष्ट नसतात, श्रोतेहो. उद्या काही झाले तर बोल आपल्यावर येईल म्हणून भीतात.

यात माझी एक पुस्ती. कायद्याने पाहिले तर सज्ञान बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. तेव्हा त्या यादीत पहिले नाव तिचेच असावे. मला ‘आता चला’ असे वाटले की निघायचे, हे तिने म्हणावे आणि घराने मानावे. पोरांना हे आधी अवघड वाटले. मी मात्र हट्ट धरला.

आता तारखेची गंमत सांगतो. ॲप पहिल्याच पानावर विचारते, ‘शेवटच्या पाळीची तारीख?’ इंग्रजी तारीख सगळ्यांनाच आठवते असे नाही. बाया म्हणतात, ‘पोळ्याच्या पुढं चार दिवसांनी’ किंवा ‘माळेगावच्या जत्रेच्या आधी’. म्हणून पोरांनी तारखांच्या ऐवजी सण मांडले : पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, माळेगावची जत्रा, लातूरकडच्या लेकींसाठी येळवस, संक्रांत, होळी. समजा, एकीने २०२५ च्या पोळ्यावर बोट ठेवले. तो पोळा २२ ऑगस्टला होता. त्यापुढे चार दिवस म्हणजे २६ ऑगस्ट. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. उत्तर आले २ जून २०२६. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. एकूण दिवस २८० भरतात. मात्र सोबत हेही सांगावे, की नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुले शंभरात चार-पाचच. बाकीची त्याच्या आगेमागे. म्हणून बेत आठव्या महिन्याच्या आत पुरा व्हायला हवा.

आणि जून म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येते? मृगाचा पाऊस, काळ्या मातीचा चिखल, भरून वाहणारा नाला. सगळा पैसा बी-बियाणे आणि खतात गुंतलेला, सगळी माणसे पेरणीला शेतात. तेव्हा बाळंतपणाचा महिना जून ते सप्टेंबरमध्ये पडत असेल, तर ॲपने एक जादा प्रश्न विचारावा : ‘नाल्याला पाणी आले तर कोणत्या वाटेने जाल? आठ दिवस आधी सडकेवरच्या नातेवाइकाकडे येऊन राहता येईल का?’ परदेशातल्या कुठल्याही ॲपला हा प्रश्न सुचणार नाही. तो गोदाकाठच्या माणसालाच सुचेल.

माहेराचेही तसेच. सासर उमरी तालुक्यात आणि माहेर निझामाबादकडे, लातूरकडे किंवा कुठे बिलोलीकडे. तपासण्या एका गावात, बाळंतपण दुसऱ्या गावात. इकडची आशाताई तिला ओळखते, तिकडची ओळखत नाही. ॲप ‘तुमचा पत्ता’ एवढेच विचारून मोकळे झाले, तर सगळा बेत सासरच्या गावचा होतो आणि बाई असते माहेरी. म्हणून विचारायचे असे : ‘नवव्या महिन्यात तुम्ही कोणत्या गावी असाल?’ आणि मग गाडी, दवाखाना, सोबत, सगळे त्या गावचे. बोली तीच राहील असेही नाही. धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी घरे आहेत, तांड्यावर गोरबोली आहे. पडद्यावरची मराठी अक्षरे त्या बाईला परकीच. तिच्या बोलीतला आवाज हवा.

इथे फोन कोणाचा, हा मुद्दा आला. त्याच पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांजवळ स्वतः वापरायचा फोन होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया तिसरा हिस्सा. पुरुषांत तेच प्रमाण ५७ टक्के. म्हणजे पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा शेतात. म्हणूनच आपल्या देशात या कामात ज्या योजना टिकल्या त्या पडद्यावर वाचायच्या नाहीत, कानाने ऐकायच्या आहेत. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत ‘अरमान’ ही संस्था काढली. तिची ‘एममित्र’ सेवा गरोदर बाईला ठरलेल्या वेळी साध्या फोनवर आवाजी निरोप देते. वेळ बाईने निवडायची. दुपारी की संध्याकाळी, फोन घरी असेल तेव्हा. केंद्र सरकारची ‘किलकारी’ जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. त्यात ‘डॉ. अनिता’ या नावाचे पात्र आठवड्याला एकदा बोलते. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत असे ७२ निरोप. पैसे पडत नाहीत, इंटरनेट लागत नाही.

आता या सेवांनी काय साधले, हे नीट पाहिले पाहिजे. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत सुमारे पाच हजार स्त्रियांमध्ये ‘किलकारी’ची शास्त्रशुद्ध परीक्षा झाली. कुटुंबनियोजनाच्या साधनांचा वापर वाढलेला दिसला. पण बाळाला निव्वळ अंगावरचे दूध देण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. मला यात नवल वाटत नाही. मी स्वतः आज तुम्हाला सांगतो आहे; ऐकणाऱ्यांपैकी कितीजण उद्या जीपवाल्याला जाऊन विचारतील? ऐकणे आणि करणे यांत मोठा ओढा आहे. दुसरी अडचण अशी, की काही आठवड्यांनी बाया फोन उचलायचे सोडतात. ‘अरमान’ने संगणक-शास्त्रज्ञांची मदत घेऊन कोण सोडून देईल याचा यंत्राकडून अंदाज घेतला आणि त्या बायांना माणसांनी फोन केले. २३,००० स्त्रियांवर सात आठवडे केलेल्या प्रयोगात सुटून जाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्राने माणूस निवडून दिला, पण बोलले माणूसच, हे विसरू नये.

भाषा तपासायला मला बोलावले होते. तर भाषेचे थोडे सांगतो. पोरांनी लिहिले होते, ‘योनिमार्गातून रक्तस्राव झाल्यास त्वरित संपर्क साधावा.’ शुद्ध मराठी. पण आपल्या बाया म्हणतात ‘अंगावर जातंय’. मौज अशी की ‘अंगावर जातंय’ म्हणजे रक्तही असू शकते आणि पांढरेही. तेव्हा ॲपने ‘लाल जातं का?’ असे स्पष्ट विचारले पाहिजे. आणि याच शब्दाचा दुसरा भाऊ आहे ‘अंगावर काढणे’. दुखणे सांगायचे नाही, सोसायचे. आपल्या बायांना हे अंगावर काढणे फार येते, आणि आपण त्याचे कौतुकही करतो. डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातापायांवर-तोंडावर सूज आहे, ताप आहे, पाणी गेले, पोटातले लेकरू फिरेना. यातले काहीही झाले तर त्याच घटकेला दवाखाना. ‘त्वरित संपर्क साधावा’ याने पाय उचलत नाही. ‘आत्ताच निघा’ याने उचलतो.

एक नाजूक गोष्ट राहिली. परदेशी नमुन्यातून आलेले एक पान पोरांना फार आवडले होते : दर आठवड्याला ‘तुमचे बाळ आता लिंबाएवढे झाले’, ‘आता पपईएवढे झाले’. मी विचारले, ‘‘आणि पोटातले मूल गेले तर?’’ कोणी उत्तर देईना. मूल गेलेल्या बाईच्या उशाशी फोन दर सोमवारी वाजतो आणि बाळ आता किती वाढले ते सांगतो, हे डोळ्यांपुढे आणा. त्यानंतर पहिल्या पानावर एक कळ आली : ‘निरोप बंद करा.’ कारण विचारायचे नाही, आणि ‘नक्की का?’ असेही विचारायचे नाही.

तसेच सुरुवातीचे तीन महिने पुष्कळ घरांत ही बातमी बाहेर सांगत नाहीत. फोन सगळ्यांच्या हातात फिरतो. त्यावर भररस्त्यात ‘गर्भवती माता, नमस्कार!’ असे मोठ्याने वाजले, तर ती बाई ॲप त्याच दिवशी काढून टाकील. आधीचा गर्भपात, आजार, रक्ताचे दोष यांच्या नोंदी कुलूपबंद असाव्यात. आशाताईंना कोणते दिसावे तेही बाईनेच ठरवावे.

हे सगळे भरायचे केव्हा, यावर आमची बरीच चर्चा झाली. नाव नोंदवतानाच भरून घ्यावे, असे पोरांचे म्हणणे. पण तेव्हा बाई एकटी असते आणि उत्तरे तिच्या हातात नसतात. उत्तर मिळाले ते आपल्या रीतीतच. सातव्या महिन्याच्या ओटीला दोन्ही घरची माणसे एका छताखाली येतात : विहिणी, व्याही, नवरा, भाऊ, शेजारच्या बाया. जेवणे झाली, पान-सुपारी झाली, की फोन मध्ये ठेवायचा आणि त्याने एकेक प्रश्न मोठ्याने विचारायचा. ‘जीव धोक्यात आला तर’ असे नाही विचारायचे, शुभकार्य आहे. ‘लेकीला दवाखान्यात न्यायला गाडी कोणाची येणार?’ असे विचारायचे. मामा म्हणेल माझी. ‘सोबत कोण?’ मावशी म्हणेल मी. चार माणसांत बोललेला शब्द माणूस सहसा मोडत नाही. पोरांनी एका घरी ओटीच्या वेळी हे करून पाहिले. रक्ताचा प्रश्न आला तेव्हा क्षणभर सगळे थांबले. मग धाकट्या दिराने बाही वर सारली आणि सगळ्यांना हसू आले. त्याचा रक्तगट काय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तो तपासून आला.

शेवटी आमच्या ॲपने हा बेत फोनच्या बाहेरही काढून द्यावा, असे ठरले. फोनची बॅटरी उतरते, फोन फुटतो, नवरा घेऊन जातो. म्हणून ओटीच्याच दिवशी सगळे एका कागदावर उतरवायचे. शिक्षकांनो, ज्या घरी फोनच नाही, तिथे हे काम तुमचा सातवी-आठवीतला विद्यार्थी करू शकतो. त्याच्या आईचे, काकूचे, वहिनीचे बाळंतपण असेल, तर वहीचे एक पान फाडून त्याने लिहावे : दवाखाना कोणता, गाडी कोणाची आणि दुसरी कोणाची, सोबत कोण, पैसे कुठे, रक्त कोणाचे, आणि घरधनी नसताना ‘चला’ कोण म्हणेल. अक्षर मोठे असावे. कागद माता-बाल पुस्तिकेला टाचावा आणि दुसरी प्रत दाराच्या आतल्या बाजूला, रात्री हात पुरेल अशा उंचीवर चिकटवावी. जीपवाल्याचा क्रमांक तेवढा पेन्सिलीने लिहावा. तो बदलतो.